घालीना, देईना

"मॅडम, माझं इंग्रजी या जन्मात व्हायचं नाही." खुर्चीत धड टेकायच्या आत तिने सांगून टाकलं.

पुण्याच्या सदाशिव पेठेतल्या अभ्यासिका माझ्या समुपदेशनाच्या खोलीपासून पाच मिनिटांवर आहेत, त्यामुळे हे वाक्य मी सतत ऐकते. मराठी माध्यमात शिकलेली, गावाकडून आलेली, कॉट बेसिसवर, म्हणजे एका खाटेपुरतं भाडं भरून राहून स्पर्धा परीक्षा देणारी ही मुलं. राज्यसेवेची मुख्य परीक्षा वर्णनात्मक झाल्यापासून इंग्रजीचा ३०० गुणांचा पेपर आहे. तो पात्रतेपुरताच, २५ टक्के मिळाले की झालं. पण तेवढे मिळाले नाहीत तर बाकीची सगळी मेहनत वाया, आणि ही टांगती तलवार झोप उडवायला पुरते. हिची तर उडालीच होती. दोन महिने तिने इंग्रजीची वही उघडली नव्हती. अप्पा बळवंत चौकातून व्याकरणाची तीन पुस्तकं आणली होती, तिन्ही पहिल्या वीस पानांपर्यंत वाचलेली. (तिच्या परवानगीने लिहिते आहे. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.)

"क्लासमध्ये म्हणतात, आधी बेसिक पक्कं करून ये. बेसिकच्या क्लासला गेले तर म्हणाले, ही बॅच शाळेतल्या मुलांसाठी आहे. आई जेवू घालीना, बाप भीक मागू देईना, असं झालंय माझं."

मी ती म्हण कागदावर लिहून ठेवली. वही घेऊन पुन्हा ये म्हटलं.

समुपदेशनाकडे वळण्याआधी मी काही वर्षं इंग्रजी शिकवलं आहे, म्हणून वही मागायचं धाडस केलं. निबंध दोन पानांचा होता. लाल शाईच्या अकरा खुणा आणि शेवटी मोठ्या अक्षरात "ग्रामर!" एवढाच शेरा. मला या शेऱ्याचा खरंच राग येतो. डॉक्टरने चिठ्ठीवर नुसतं "आजार" लिहून पाठवावं, तसं हे आहे. मुलगी घरी जाते ती आपल्याला सगळंच येत नाही असं समजून.

आम्ही दोघींनी खुणा एकेक करून तपासल्या. दोन स्पेलिंगच्या, एक काळाची. उरलेल्या आठ एकाच जातीच्या. त्यातलं एक वाक्य असं होतं: "द गव्हर्न्मेंट शुड बिल्ड डॅम्स, रिपेअरिंग ऑफ कॅनल्स अँड फार्मर्स मस्ट गेट वॉटर."

मी म्हटलं, "हे मराठीत सांग." ती सहज म्हणाली, "सरकारने धरणं बांधावीत, कालवे दुरुस्त करावेत आणि शेतकऱ्यांना पाणी द्यावं."

"आता मी सांगते. सरकारने धरणं बांधावीत, कालव्यांची दुरुस्ती आणि शेतकऱ्यांना पाणी मिळालंच पाहिजे."

ती हसली. "असं कोण बोलतं?"

तिच्या कानाला खटकलं ते हेच. बांधावीत, करावेत, द्यावं ही एका माळेतली रूपं आहेत. 'आणि'ने जोडलेल्या गोष्टी एकाच घडणीच्या हव्यात, एवढाच समांतर रचनेचा नियम, आणि तो ती मराठीत रोज पाळते. इंग्रजीतही तसंच: शुड बिल्ड, रिपेअर अँड गिव्ह. एकदा 'शुड' आलं की पुढची तिन्ही क्रियापदं त्याच्या हाताखाली उभी.

मग इंग्रजीतच का घसरतं? आपल्या 'वाचणं'ला तिथे 'टू रीड' आणि 'रीडिंग' असे दोन पर्याय आहेत, दोन्ही बरोबर. घाबरलेलं माणूस अख्खं वाक्य डोक्यात धरत नाही, तुकड्यातुकड्याने भाषांतर करतं. पहिल्या तुकड्याला 'टू' लागतं, दुसऱ्याला 'इंग', तिसऱ्यापर्यंत पोचेतो पहिला काय होता ते विसरलेलं असतं. सुटा प्रत्येक तुकडा बरोबर असतो, जोडलेलं वाक्य चुकतं. म्हणून तिला आपली चूक सापडत नव्हती.

जोडीने येणाऱ्या उभयान्वयी अव्ययांशी आम्ही जरा जास्त वेळ थांबलो. 'नॉट ओन्ली… बट ऑल्सो' तिला फार छळायचं. तिने लिहिलं होतं, "ही नॉट ओन्ली लॉस्ट हिज लँड बट ऑल्सो हिज हाउस." मराठीत म्हणून बघ म्हटलं. "त्याची नुसती जमीनच गेली नाही, घरही गेलं." आपला 'च' जमिनीला चिकटतो, 'ही' घराला चिकटतो. इंग्रजीत हे शब्द मागून चिकटत नाहीत, पुढे उभे राहतात, पण ज्याच्याबद्दल बोलायचं त्याच्या अगदी शेजारी: "ही लॉस्ट नॉट ओन्ली हिज लँड बट ऑल्सो हिज हाउस." एका बाजूला जमीन, दुसऱ्या बाजूला घर. बोलताना इंग्रज माणूसही पहिल्यासारखं बोलून जातो, पण पेपरात नीट लिहिलेलं बरं.

'ऑफ'सारखं शब्दयोगी अव्यय प्रत्येक वेळी लिहायचं की एकदाच, हेही तिने विचारलं. संविधानाची उद्देशिका तिला तोंडपाठ होती, शाळेच्या पुस्तकात पहिल्या पानांवर असते तीच. "दर्जाची व संधीची समानता" यात 'ची' हा प्रत्यय दोनदा येतो. इंग्रजीत "इक्वॅलिटी ऑफ स्टेटस अँड ऑफ अपॉर्च्युनिटी", तिथेही 'ऑफ' दोनदा. त्याच्याच वरच्या ओळीत "लिबर्टी ऑफ थॉट, एक्स्प्रेशन, बिलीफ, फेथ अँड वर्शिप", पाचांना मिळून एकच 'ऑफ'. दोन्ही चालतं. काहींना द्यायचं आणि काहींना नाही, हे मात्र चालत नाही. ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "हे मी शेकडो वेळा म्हटलंय."

आता मी तिला जपून ठेवलेला कागद दिला. "हे 'नायदर… नॉर' घालून इंग्रजीत लिही." तिने दोनदा खोडलं, तिसऱ्यांदा लिहिलं: "नायदर डज द मदर गिव्ह फूड, नॉर डज द फादर अलाउ बेगिंग." खाली पेन्सिलने 'घालीना' आणि 'देईना' या दोन शब्दांना गोल केला. मी काहीच सांगितलं नव्हतं.

घरचा अभ्यास एकच दिला. 'अँड', 'ऑर', 'बट' दिसलं की जोडलेले तुकडे बेरजेसारखे एकाखाली एक मांडायचे आणि घडण सारखी आहे का ते बघायचं. रोज पाच वाक्यं, स्वतःच्याच जुन्या निबंधातली. इतकं पुरेल असं मी तिला सांगितलं नाही. शब्दसंग्रह तोकडा आहे, त्याला वेळ लागेल. झोपेवर आम्ही वेगळं काम केलं, ते अजून चालू आहे.

चौथ्या भेटीला ती नवीन निबंध तपासून घेऊन आली. लाल खुणा सहा. त्या जातीची एकच, आणि ती तिने मला दाखवण्याआधीच दुरुस्त केली होती. उरलेल्या पाचांवर बोट ठेवून म्हणाली, "मॅडम, आता या स्पेलिंगचं काय करायचं?"