जुनी कॅम्परव्हॅन वार्षिक तपासणीत टिकेल का? वाचकांचे प्रश्न आणि उत्तरे

प्रश्न : आम्ही पतिपत्नी निवृत्तीनंतर प्रवासासाठी एक जुनी कॅम्परव्हॅन, म्हणजे आत राहण्या-झोपण्याची सोय असलेली व्हॅन, घेण्याच्या विचारात आहोत. पाहिलेली गाडी 22 वर्षांची असून ती फक्त 68,000 किलोमीटर चालली आहे. आतील लाकूडकाम नव्यासारखे आहे आणि मागच्या महिन्यातच ती वार्षिक तपासणीत उत्तीर्ण झाली आहे. विकणाऱ्याचे म्हणणे असे की इतकी कमी चाललेली गाडी पुढची दहा वर्षे विनातक्रार उत्तीर्ण होईल. आमचे एक स्नेही मात्र वीस वर्षांवरील कोणतीही गाडी दरवर्षी नापास होतेच, असे ठामपणे सांगतात. कोणाचे खरे मानावे?

उत्तर : दोघेही वय आणि किलोमीटर या दोनच आकड्यांकडे पाहत आहेत आणि कॅम्परव्हॅनच्या बाबतीत हे दोन्ही आकडे दिशाभूल करतात. रोज धावणारी गाडी झिजते, तर उभी राहणारी गाडी गंजते, आखडते आणि कोरडी पडते. 22 वर्षांत 68,000 किलोमीटर म्हणजे वर्षाला सरासरी सुमारे 3,100 किलोमीटर. हे अंतर बहुधा वर्षातल्या चारपाच आठवड्यांत कापले गेले असेल आणि उरलेला काळ गाडी एकाच जागी, बऱ्याचदा उघड्यावर आणि ओल्या जमिनीवर उभी असेल. अशा गाडीचे इंजिन उत्तम स्थितीत असणे अगदी शक्य आहे, पण तपासणीत इंजिनाची ताकद पाहिली जात नाही. तेथे ब्रेक, स्टिअरिंग, सस्पेन्शन, टायर, दिवे, धूर आणि भार पेलणारा पत्रा पाहिला जातो. धूर सोडला, तर उभे राहण्याचा त्रास नेमका याच भागांना सर्वाधिक होतो.

मागच्या महिन्यातील प्रमाणपत्राला मी कमी लेखत नाही. मात्र ते त्या दिवसापुरते बोलते. तपासनीस गाडीचे भाग खोलत नाही, आवरणे काढत नाही. जे दिसते, हलते आणि मोजता येते तेवढेच तो नोंदवतो. म्हणून एका प्रमाणपत्रापेक्षा मागच्या आठदहा वर्षांचे अहवाल ओळीने मांडून वाचावेत. ब्रिटनमध्ये ही सोय फार चांगली आहे : तेथील वार्षिक एमओटी चाचणीचे 2005 पासूनचे निकाल सरकारी संकेतस्थळावर गाडीचा क्रमांक टाकून कोणालाही विनामूल्य पाहता येतात. जेथे अशी सोय नाही तेथे विकणाऱ्याकडे जुन्या अहवालांच्या मूळ प्रती मागाव्यात. ज्याने गाडी मनापासून सांभाळली आहे त्याच्याकडे त्यांची फाइल असतेच, असा माझा अनुभव आहे.

अहवाल वाचताना उत्तीर्ण की नापास याकडे आधी पाहू नका. आधी सूचना वाचा, म्हणजे गाडी उत्तीर्ण करतानाही तपासनीसाने लिहून ठेवलेली निरीक्षणे. समजा, एका वर्षी ‘मागील ब्रेक पाइपवर किंचित गंज’ असे लिहिले आहे, पुढच्या वर्षी तेच, तिसऱ्या वर्षी पुन्हा तेच, तर मालकाने प्रमाणपत्र मिळताच कागद कपाटात ठेवला, असा त्याचा अर्थ होतो. याउलट जी गाडी चार वर्षांपूर्वी गंजामुळे नापास झाली, दुरुस्तीनंतर उत्तीर्ण झाली आणि त्यानंतरच्या अहवालांत त्या जागेचा उल्लेखच नाही, ती गाडी मी अधिक विश्वासाने घेईन. कधीही नापास न होणे हा गुण वाटतो खरा, पण योग्य वेळी नापास होऊन नीट दुरुस्त झालेली गाडी पुष्कळदा जास्त भरवशाची असते. ओळीने लागलेल्या अहवालांतील किलोमीटरचे आकडेही एकमेकांशी जुळवून पाहावेत. सलग दोनतीन वर्षे आकडा जवळपास हललाच नसेल, तर तेवढा काळ गाडी निपचित पडून होती हे समजावे.

कोणत्या बनावटीची गाडी तपासणीत कमी नापास होते, असेही आपण पत्राच्या शेवटी विचारले आहे. अशा याद्या प्रसिद्ध होतात, पण त्या जपून वाचाव्यात. बहुतेक कॅम्परव्हॅन मालवाहू व्हॅनवरच बांधलेल्या असतात. 1981 साली आलेली फियाट ड्युकाटो आणि तिची सिट्रोएन व प्यूजो ही भावंडे, फोर्ड ट्रान्झिट, 1995 पासूनची मर्सिडीज स्प्रिंटर, फोक्सवॅगन ट्रान्सपोर्टर ही त्यांतली ठळक नावे. या नावांखालील आकड्यांत दिवसभर माल पोहोचवणाऱ्या व्हॅनही मोजल्या जातात. त्यांचे दुखणे झिजेचे असते, आपल्या गाडीचे नसते. मात्र प्रत्येक पिढीच्या दुबळ्या जागा ठाऊक असाव्यात. 1979 नंतरच्या तिसऱ्या पिढीच्या ट्रान्सपोर्टरमध्ये पत्र्यांच्या उभ्या सांध्यांतून गंज फुटतो. पहिल्या पिढीच्या स्प्रिंटरचा पत्रा गंजासाठी प्रसिद्धच आहे. 2006 नंतरच्या ड्युकाटोमध्ये समोरच्या काचेखालून पाणी झिरपून इंजिनावर पडते. पाहिलेली गाडी यांपैकी असेल, तर त्या जागा स्वतः टॉर्च लावून पाहा.

एक विनंती : गाडी विकत घेण्यापूर्वी ती लिफ्टवर चढवून खालून पाहण्याची परवानगी मागा. खालचा भाग नुकताच काळ्या रंगाने माखलेला असेल, तर आनंद मानू नका. जुन्या गंजावर अंडरकोट मारला, की ओल आतच कोंडते आणि गंज पत्रा आतून खात राहतो. वरून मात्र सगळे गुळगुळीत दिसते.

प्रश्न : माझी 18 वर्षांची कॅम्परव्हॅन गेल्या चार तपासण्यांत तीनदा मागच्या ब्रेकमुळे आणि हँडब्रेकमुळे नापास झाली. प्रत्येक वेळी दुरुस्ती केली. गाडी वर्षातून जेमतेम दोन प्रवास करते, मग ब्रेक इतके लवकर खराब कसे होतात? यात तपासणी करणाऱ्यांची काही चूक असेल का?

उत्तर : आपला वैताग समजू शकतो, पण तपासणीत चूक असण्याची शक्यता मला कमी वाटते. तेथे चाके रोलरवर फिरवून प्रत्येक चाकाची पकड यंत्र स्वतंत्रपणे मोजते आणि एकाच अॅक्सलवरील डाव्या-उजव्या चाकांच्या पकडीतला फरक ठरलेल्या मर्यादेबाहेर गेला, तर गाडी नापास होते. रस्त्यावर चालवताना हा फरक सहसा जाणवत नाही, कारण ब्रेक लावताना बहुतेक भार पुढच्या चाकांवर येतो आणि मागचे ब्रेक निम्मे काम करत असले, तरी गाडी थांबते. म्हणूनच मालकाला तपासणीच्या दिवशी धक्का बसतो.

कारण आपल्याच प्रश्नात आहे : दोन प्रवास. ब्रेक वापरले गेले, की घर्षणाने गंज खरवडला जातो, उष्णतेने ओल उडते आणि सरकणारे भाग मोकळे राहतात. गाडी आठ महिने उभी राहिली, तर ड्रमच्या आतील सिलिंडर आखडतात, हँडब्रेकच्या केबलमध्ये पाणी शिरून ती कडक होते आणि ओढून ठेवलेल्या हँडब्रेकमुळे शू, म्हणजे ड्रमला आतून दाबणाऱ्या ब्रेकच्या पट्ट्या, ड्रमला चिकटून बसतात. ब्रेक ऑइल हवेतील ओल शोषते, त्यामुळे ब्रेकचे भाग आतूनही गंजतात. गाडी कितीही कमी चालली, तरी हे तेल दर दोन वर्षांनी बदलावे, ही शिफारस त्यासाठीच असते.

आणखी एका भागाकडे मेकॅनिकचे लक्ष वेधा. पुष्कळ जुन्या व्हॅनमध्ये मागच्या अॅक्सलजवळ एक छोटा व्हॉल्व्ह असतो. त्याचा दांडा अॅक्सलला जोडलेला असतो आणि गाडीवर जेवढा भार असेल त्यानुसार तो मागच्या ब्रेकला कमीअधिक दाब देतो. चिखल आणि गंज यांमुळे हा दांडा एकाच जागी अडकतो. मग सिलिंडर नवे बसवले, शू नवे बसवले, तरी मागे पुरेसा दाब पोहोचतच नाही. तीनदा दुरुस्ती होऊनही तक्रार तीच राहिली आहे, म्हणून मला या व्हॉल्व्हचा विशेष संशय येतो.

इथून पुढे गाडी उभी करताना हँडब्रेक न ओढता ती गिअरमध्ये ठेवा आणि चाकांना अडणी लावा. महिन्यातून एकदा तरी 30-40 किलोमीटर चालवा. इंजिन सुरू करून जागेवरच दहा मिनिटे ठेवणे हा पर्याय नव्हे. त्याने ब्रेकला आणि टायरना काहीच मिळत नाही आणि सायलेन्सरमध्ये पाणी मात्र साठते. तपासणीच्या दिवशीही डिझेल गाडी चांगली अर्धा तास चालवून गरम अवस्थेतच न्यावी, कारण थंड इंजिनाचा धूर जास्त असतो.

प्रश्न : आमच्या गाडीच्या टायरची नक्षी भरपूर शिल्लक असूनही टायर नापास झाले. शिवाय मागच्या स्प्रिंग बसल्या आहेत, अशी सूचना मिळाली. आम्ही गाडीत कधीही फार सामान भरत नाही.

उत्तर : युरोपात किमान 1.6 मिलिमीटर खोलीच्या नक्षीची अट आहे, परंतु कॅम्परव्हॅनचे टायर नक्षी संपण्यापूर्वी वयाने मरतात. रबर कडक होते, बाजूच्या भिंतीला चिरा पडतात आणि चिरेतून आतील दोरा दिसला, की टायर नापासच होतो. टायरच्या बाजूवर चार आकडे छापलेले असतात : 3418 याचा अर्थ 2018 सालचा 34वा आठवडा. ते आजच पाहून घ्या.

सामानाविषयी मात्र मी आपल्याशी पूर्ण सहमत नाही. आपण भरत नसलात, तरी गाडी मुळातच भरलेली असते. कपाटे, पलंग, फ्रिज, गॅसच्या टाक्या हे वजन वर्षभर स्प्रिंगवर बसून असते आणि 100 लिटर पाण्याचे 100 किलो त्यात वेगळे मिळवावे लागतात. शिवाय मागच्या चाकांमागे लांब शेपूट असलेल्या गाडीत तरफेचा नियम लागू होतो. दोन अॅक्सलमधील अंतर 4 मीटर असेल आणि मागच्या अॅक्सलच्या 2 मीटर मागे आपण 60 किलोच्या सायकली टांगल्या, तर मागच्या अॅक्सलवर 60 नव्हे, 90 किलो वाढतात आणि पुढच्या अॅक्सलवरून 30 किलो उचलले जातात. म्हणून प्रवासाच्या तयारीत असलेली गाडी एकदा काट्यावर नेऊन दोन्ही अॅक्सलचे वजन वेगवेगळे करून घ्या आणि गाडीवरील पट्टीवर लिहिलेल्या मर्यादेशी ताडून पाहा. मर्यादा ओलांडलेली असेल, तर नव्या स्प्रिंगही बसतील.

प्रश्न : गॅसची शेगडी, उचलता येणारे छत आणि आतील ओल यांची तपासणी वार्षिक चाचणीत होते का?

उत्तर : रस्त्यावर चालण्याची योग्यता पाहणारी चाचणी राहण्याच्या भागाकडे फारसे पाहत नाही, त्यामुळे प्रमाणपत्र मिळाले म्हणजे गॅसची जोडणी सुरक्षित आहे, असे कृपया समजू नका. रबरी नळी, दाब नियंत्रक आणि गळती यांची तपासणी त्या कामाच्या जाणकाराकडून स्वतंत्रपणे करून घ्या. ओलीसाठी खिडक्यांखालचे कोपरे आणि छताचे सांधे बोटाने दाबून पाहा. भाग मऊ लागला, तर आतील लाकूड कुजले आहे.

प्रश्न : 25 वर्षांची गाडी गंजामुळे नापास झाली आहे. वेल्डिंग करून घ्यावे की गाडी मोडीत काढावी?

उत्तर : गंज कोठे आहे यावर ते अवलंबून आहे. दाराच्या खालच्या कडेला किंवा चाकावरच्या पत्र्याला असेल, तर तो दिसायला वाईट असला, तरी फारसा गंभीर नसतो. सस्पेन्शन, स्टिअरिंग किंवा सीटबेल्ट जेथे जोडलेले असतात त्या जागांच्या आसपास असेल, तर तो जिवाशी गाठ असलेला गंज आहे आणि तेथे तडजोड नको. गॅरेजवाल्याला वेल्डिंगपूर्वीच सांगा की सडलेला पत्रा निरोगी धातूपर्यंत कापून काढायचा आहे, वरून ठिगळ लावायचे नाही, आणि रंग देण्याआधी काम आपल्याला पाहायचे आहे. कापता कापता निरोगी धातू दोनतीन ठिकाणी सापडलाच नाही, तर काम तेथेच थांबवा; आतील फ्रिज, शेगडी, खिडक्या आणि चांगले इंजिन सुटे विकले, तर पुढच्या गाडीसाठी काही रक्कम हाती येते.