विज्ञानकथा आणि अद्भुतकथा स्वतःच प्रकाशित करणाऱ्या मराठी लेखकाचे दिवस प्रत्यक्षात कसे जातात?

आपण बँकेत नोकरी करता, फावल्या वेळात विज्ञानकथा आणि अद्भुतकथा लिहिता, प्रकाशकांच्या होकाराची वाट पाहून कंटाळला आहात आणि आता पुस्तक स्वतःच काढावे का, त्यावर पोट भरेल का, असे आपण विचारले आहे. मी सिंधुदुर्गात कनिष्ठ महाविद्यालयात पदार्थविज्ञान शिकवतो आणि गेल्या नऊ वर्षांत दोन कादंबऱ्या व एक कथासंग्रह स्वतःच्या खर्चाने काढला आहे. तेवढ्या अनुभवावर लिहितो.

लेखन पहाटे पावणेपाच ते साडेसहा या वेळात होते. दिवाळी अंकांसाठी कथा पाठवण्याच्या हंगामातही मी ही वेळ मोडत नाही, कारण बाकीचा दिवस नोकरीचा असतो आणि संध्याकाळ लेखकाची नसून प्रकाशकाची, हिशेबनिसाची आणि पार्सले बांधणाऱ्याची असते. पुस्तक क्रमांक, म्हणजे आयएसबीएन, मिळवण्यासाठी राजा राममोहन रॉय यांच्या नावाच्या राष्ट्रीय संस्थेकडे अर्ज करायचा, त्याला शुल्क नाही. १९५४ च्या कायद्यानुसार प्रकाशकाने नव्या पुस्तकाची प्रत तीस दिवसांच्या आत कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयाला स्वखर्चाने पाठवायची असते, शिवाय मुंबई, चेन्नई आणि दिल्ली येथील ग्रंथालयांनाही. ही कामे कंटाळवाणी आहेत, पण अवघड नाहीत.

अवघड गोष्ट वेगळीच आहे. आपल्या बँकेत एकाने नोंद करायची आणि दुसऱ्याने ती तपासून पास करायची, अशी पद्धत असते. स्वतःचे पुस्तक स्वतःच काढणाऱ्या लेखकाकडे हा दुसरा माणूस नसतो. आपण लिहिलेले आपणच पास करतो, आणि छापखाना विचारतो ते फक्त फर्मे (म्हणजे सोळा-सोळा पानांचे छपाईचे ताव) किती आणि प्रती किती.

माझ्या पहिल्या कादंबरीतला ग्रह पूर्ण कोरडा होता. पुस्तक छापल्यावर मी त्याचे ई-बुक करायला घेतले. जुन्या टंकातला मजकूर युनिकोडमध्ये आणताना त्यात बरीच न दिसणारी चिन्हे शिरली होती, ती मी एका फटक्यात पुसून टाकली. त्यांतलेच एक चिन्ह ‘ऱ्या’मधला आडवा र टिकवून धरत होते, हे मला ठाऊक नव्हते. त्यामुळे ‘ताऱ्यावर’चे ‘तार्यावर’ झाले, आणि जिथे माझा नायक तहानेने व्याकूळ होऊन ‘दऱ्या ओलांडून’ चालला होता, तिथे तो ‘दर्या ओलांडून’ जाऊ लागला. ज्या ग्रहावर पाण्याचा थेंब नाही, अशी शंभर पाने मी रंगवली, त्याच ग्रहावर मी स्वतःच्या हाताने समुद्र आणला. पहिल्या वाचकाने हे कळवले, तोपर्यंत दोन महिने उलटले होते. आता मी ई-बुक करण्यापूर्वी ‘ऱ्या’ हा शब्दखंड दोन्ही प्रकारे टंकून शोधतो, कारण तो दोन वेगवेगळ्या रीतींनी साठवला जातो आणि एका शोधात दोन्ही सापडतील याची खात्री नसते.

दुसऱ्या वेळी मी शहाणा झालो आणि छापण्यापूर्वी हस्तलिखित आमच्या गावातल्या एका निवृत्त तारमास्तरांना वाचायला दिले. त्यात मंगळावरची मुलगी आणि कुडाळातली तिची आई फोनवर भांडतात, असा प्रसंग होता आणि मला तो फार साधला आहे असे वाटत होते. त्यांनी समासात पेन्सिलीने एवढेच लिहिले होते : ‘तार पोचायला वेळ किती?’ प्रकाशाला मंगळावरून येथे यायला किमान तीन आणि कमाल बावीस मिनिटे लागतात, हे मी दर वर्षी वर्गात सांगतो. तरी माझ्या कथेत आईने मुलीचे वाक्य मध्येच तोडले होते. ते प्रकरण मी नव्याने लिहिले. त्यात आईचा रागाचा निरोप वाटेत असतानाच मुलीची क्षमायाचना येऊन पोचते आणि पाठवलेला निरोप मागे घेता येत नाही.

जयंत नारळीकरांनी १९७४ मध्ये मराठी विज्ञान परिषदेच्या कथास्पर्धेसाठी आपली पहिली विज्ञानकथा ‘नारायण विनायक जगताप’ या नावाने पाठवली होती. आपल्या आद्याक्षरांचा क्रम उलटा केलेले ते नाव होते. अक्षर ओळखू येऊ नये म्हणून कथा पत्नीकडून लिहून घेतली होती. कथेला पहिले बक्षीस मिळाले. नावाने काम भागले असते तेव्हा त्यांनी परीक्षक शोधला. आपल्याला तर नावही नाही, म्हणून परीक्षक शोधणे अधिकच भाग आहे.

अद्भुतकथेत हा प्रश्न वेगळ्या रूपाने येतो. आमच्या सिंधुदुर्गातल्या आरवली गावच्या वेतोबा या देवाला लोक केळ्यांचे घड आणि चामड्याच्या मोठ्या वहाणा वाहतात, कारण देव रात्री फिरतो आणि त्याच्या वहाणा झिजतात, अशी श्रद्धा आहे. त्या झिजलेल्या तळव्यांवरून मला एक अख्खी कादंबरी सुचली. माझे काका म्हणाले, “देवाचा नाव तेवढा घालू नको, बाकी काय व्हया ता लिव.” मी नाव बदलले. बदलल्यावर त्या पात्राला थकण्याची, चुकण्याची, एखाद्या रात्री फेरी चुकवण्याची मुभा मिळाली, जी खऱ्या नावाने मी कधीच दिली नसती.

आता पैशांविषयी. दुसरी कादंबरी २२४ पानांची, म्हणजे चौदा फर्म्यांची होती आणि मी ३०० प्रती काढल्या. छपाई आणि बांधणी प्रतीमागे १२७ रुपये पडली. मुखपृष्ठाचे ८,००० आणि मुद्रितशोधनाचे पानामागे २५ प्रमाणे ५,६०० रुपये धरले, तर प्रतीमागे आणखी ४५ रुपये, म्हणजे एकूण १७२. किंमत २८० ठेवली. वितरकाने ४५ टक्के सवलत मागितली, म्हणजे माझ्या हाती १५४ रुपये येणार आणि प्रत्येक प्रतीमागे १८ रुपयांचा तोटा होणार. म्हणून मी प्रती थेट विकल्या. सगळ्या संपायला पावणेतीन वर्षे लागली. किंडल या अ‍ॅमेझॉनच्या ई-बुक दुकानात २०१६ च्या अखेरीपासून मराठी पुस्तके आहेत आणि तेथे स्वामित्वधन, म्हणजे रॉयल्टी, ३५ किंवा ७० टक्के मिळते. भारतातल्या विक्रीवर ७० टक्के हवे असतील, तर ई-बुक नव्वद दिवस अन्यत्र कुठेही न देण्याची अट मान्य करावी लागते. मला त्यातून वर्षाला छपाईचे दोन-तीन फर्मे निघतील एवढेच मिळते.

तेव्हा नोकरी सोडू नका. खर्च कमी करायचाच असेल तर मुखपृष्ठ साधे करा, प्रती २०० काढा, पण मुद्रितशोधकाचे पैसे वाचवू नका आणि आपल्याला घाबरत नाही असा एक वाचक गाठा. माझी तिसरी कादंबरी सध्या तारमास्तरांकडे आहे. गेल्या रविवारी त्यांचा फोन आला होता. सत्तेचाळिसाव्या पानावर नायक चंद्राच्या पृष्ठभागावर उभा राहून सोबत्याला शिट्टी मारतो, ती त्याला ऐकू कशी जाते, असे ते विचारत होते.