नारळ मारणारा जीवाणू जगभर एकच आहे का? आणि तो आमच्या लातूरच्या झाडात असेल का?

तुम्ही लिहिलंय की घरामागचं नारळाचं झाड वर्षभर पिवळं पडतंय, मोबाईलवर 'लीथल यलोइंग' या नारळाला पिवळं पाडून मारणाऱ्या रोगाचा व्हिडिओ पाहिल्यापासून धास्ती बसली आहे, आणि रोपवाटिकावाला 'या रोगाला दाद न देणारी' रोपं महाग दराने देतोय. मी वनस्पती रोगशास्त्र शिकवतो, त्यामुळे सविस्तर लिहितो.

वर्षभर पिवळं राहूनही झाड उभं आहे, यातच अर्धं उत्तर आलं. लीथल यलोइंग पहिल्या लक्षणापासून साधारण ३ ते ६ महिन्यांत झाड संपवतो. आधी लहानमोठे सगळे नारळ गळतात. मग नवी पोय, म्हणजे फुलोरा, उमलते ती काळी पडलेलीच. नंतर खालच्या झावळ्यांपासून पिवळेपणा वर चढतो, आणि शेवटी शेंडा झडून नुसतं खोड उरतं. हा कॅरिबियन बेटं, फ्लोरिडा, मेक्सिको या पट्ट्यातला रोग. जमैकात त्याने बागाच्या बागा नेल्या. फ्लोरिडात तो १९५५ साली की वेस्टला आणि १९७१ साली मायामीत पोचला.

तुमच्या झाडाचं कारण बहुधा जमिनीत आहे. आपल्या चुनखडीच्या काळ्या रानात लोह असूनही मुळांना मिळत नाही, म्हणून कोवळी पानं पिवळी पडतात. जुन्या झावळ्या टोकाकडून पिवळ्या पडत असतील तर पालाश किंवा मॅग्नेशियम कमी असेल. आळ्यात पाणी साचून राहत असेल तर मुळं गुदमरूनही हेच होतं. आधी माती तपासून घ्या.

आता मूळ प्रश्न. या रोगामागचे जीवाणू म्हणजे फायटोप्लाझ्मा. त्यांना पेशीभित्तिका नसते. झाडाचा अन्नरस वाहणाऱ्या नळ्यांत ते राहतात आणि तुडतुड्यांसारखे रस शोषणारे कीटक त्यांना झाडोझाडी नेतात. १९६७ साली जपानी शास्त्रज्ञांना ते रोगट तुतीत इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली दिसले. त्याआधी असे रोग विषाणूंच्या नावावर खपत होते. ऊर्जा तयार करण्यासाठी लागणारी कित्येक जनुकंही त्यांनी गमावली आहेत आणि सगळा भार झाडावर टाकला आहे. त्यामुळे इतर जीवाणूंसारखे ते प्रयोगशाळेतल्या बशीत सहजी वाढत नाहीत. वाढवून तपासता येत नाहीत, म्हणून त्यांची ओळख जनुकावरूनच पटवावी लागते.

त्यासाठी '१६ एस' नावाचं सुमारे १,५०० अक्षरांचं जनुक वाचतात आणि त्यावरून गट पाडतात. असे गट आता ३० हून जास्त आहेत. नारळापुरतं बघितलं तरी पसारा थक्क करणारा आहे. कॅरिबियन आणि फ्लोरिडातला जीवाणू चौथ्या गटातला. घाना, नायजेरिया आणि मोझांबिकमध्ये जवळजवळ तशाच लक्षणांनी झाडं मरतात, पण तिथला जीवाणू बाविसाव्या गटातला. पापुआ न्यू गिनीतल्या बोगिया रोगाचा जीवाणू आणखी वेगळा. आणि आपल्या केरळातला मूळकुज, म्हणजे रूट विल्ट, अकराव्या गटातला. १८८२ च्या सुमारास, मोठ्या पुरानंतर, एराट्टुपेट्टा भागात तो लोकांच्या लक्षात आला. तो झाड सहसा मारत नाही. पानं लुळी पडतात, पिवळी पडतात, उत्पन्न घटत जातं आणि झाड वर्षानुवर्षं तसंच कुढत राहतं. श्रीलंकेतल्या वेलिगामा रोगाचा जीवाणूही अकराव्याच गटातला.

या अकराव्या गटाची भावकी तुमच्या शिवारातही आहे. उसाच्या खोडव्यात एखाद्या बेटाला बारीक, पांढुरक्या फुटव्यांचा झुबका येतो आणि त्यात ऊस धरतच नाही. ती गवताळ वाढ. तिचा फायटोप्लाझ्मा याच गटातला. म्हणून उसाचा रोग नारळावर येईल असं मात्र नाही, कारण रोग नेणारे कीटक वेगळे. वांग्याचा पर्णगुच्छ सहाव्या गटातला. त्याचं झाड हातात घेऊन बघा: पानं नखाएवढी, पेरं इतकी आखूड की फांदी केरसुणीसारखी दिसते, फळ नाहीच. बियाणं, जमीन किंवा फवारणी यांच्या नावाने बोटं मोडत शेतकरी ती झाडं रानात उभीच ठेवतात आणि तुडतुडे तिथूनच पुढे रोग नेतात. ती दिसताक्षणी उपटून काढा, एवढं माझं कळकळीचं सांगणं आहे.

फक्त १६ एसवर भिस्त ठेवणं मला पटत नाही. ते जनुक फार सावकाश बदलतं, त्यामुळे जवळच्या जीवाणूंमधला फरक त्यात झाकला जातो. शिवाय एकाच पेशीत त्याच्या दोन प्रती असतात आणि त्या दोन्ही तंतोतंत जुळतीलच असं नाही. म्हणून सेक-ए सारखी इतर जनुकंही वाचली जातात. जीवाणूची वेगळी जात मानण्याची रेघसुद्धा सरकली आहे. २००४ च्या नियमात १६ एसचं साम्य ९७.५ टक्क्यांपेक्षा कमी लागायचं, २०२२ मध्ये ही मर्यादा ९८.६५ टक्के झाली.

रोपवाटिकावाल्याला एकच प्रश्न विचारा: कुठल्या रोगाला प्रतिकारक? जमैकात मलायन डॉर्फ आणि पनामा टॉल या नारळाच्या जातींचा 'मेपॅन' संकर वर्षानुवर्षं तगला आणि पुढच्या साथीत तोही मोठ्या प्रमाणात मेला. बियाण्यातली भेसळ की जीवाणूतला बदल, यावर शास्त्रज्ञांचा वाद झाला. केंद्रीय रोपवन पीक संशोधन संस्थेच्या कल्परक्षा, कल्पश्री या जाती मूळकुजीसाठी, रोगाने ग्रासलेल्या केरळच्या भागात निवडलेल्या आहेत. त्या कॅरिबियन रोगालाही पुरून उरतील असं त्यावरून म्हणता येत नाही. लातूरच्या अंगणात तर दोन्हींसाठी जादा पैसे मोजायचं कारणच नाही. रोप कुठल्या जिल्ह्यातून आणलं तेही विचारा, कारण जिवंत रोपाबरोबर हे जीवाणू दूरवर जाऊ शकतात. मूळकुजीच्या पट्ट्यातलं, कागदपत्रांशिवाय आलेलं रोप फुकट मिळालं तरी घेऊ नका.

मातीचा अहवाल आला की इथेच टाका. सोबत मधल्या सुईचा, म्हणजे न उमललेल्या कोवळ्या पानाचा, आणि सर्वांत खालच्या झावळीचा फोटो द्या, म्हणजे लोह की पालाश ते सांगता येईल.