आयफोनचे फोटो गेममध्ये टेक्स्चर म्हणून वापरायचेत, कुठल्या फॉरमॅटमध्ये कन्व्हर्ट करू?

तुम्ही विचारलंय की टेक्स्चरसाठी, म्हणजे गेममधल्या भिंतीवर चिकटवायच्या चित्रासाठी, काढलेले फोटो एचईआयसीमध्ये (आयफोनचा नेहमीचा फोटो फॉरमॅट) आलेत, गोडॉट हे गेम बनवायचं इंजिन ते घेत नाही, तर जेपीजी करू, पीएनजी करू की डीडीएस (ग्राफिक्स कार्डसाठी आधीच दाबून ठेवलेली टेक्स्चरची फाईल). पीएनजी करा आणि पुढचं कॉम्प्रेशन इंजिनला करू द्या. पण नुसतं कन्व्हर्ट करून भागत नाही.

जेपीजी ठेव, फाईल छोटी राहते असं बरेच जण सांगतात. छोटी राहते ती डिस्कवर. ग्राफिक्स कार्ड जेपीजी थेट वापरत नाही, गेम चालू झाला की फोटो पूर्ण उलगडून मेमरीत जातो, एका पिक्सेलला 4 बाइट, म्हणजे तुमचा 4032 बाय 3024 चा फोटो डिस्कवर 3 एमबी असला तरी तिथे 48 एमबीच्या आसपास जागा खातो. तोच कापून 2048 बाय 2048 केला की 16 एमबी, आणि इंजिनने बीसी7 मध्ये, म्हणजे ग्राफिक्स कार्ड थेट वाचू शकतं अशा फॉरमॅटमध्ये, दाबला की 4 एमबी, वर मिपमॅपचे, म्हणजे लांबून दिसण्यासाठी ठेवलेल्या त्याच चित्राच्या छोट्या प्रतींचे, साधारण एक तृतीयांश धरा. बीसी7 पीसीसाठी, मोबाईलला तसाच एएसटीसी. गोडॉटमध्ये इमेज सिलेक्ट करा, इम्पोर्ट टॅबमध्ये व्हीरॅम कॉम्प्रेस्ड निवडा, त्याखालचं हाय क्वालिटी चालू करा (नाहीतर बीसी7 ऐवजी जुना, कमी दर्जाचा फॉरमॅट वापरला जातो), रिइम्पोर्ट दाबा, झालं. डीडीएस हाताने बनवायची गरज जुन्या गेमचे मॉड करताना पडते, तुम्हाला नाही.

शिवाय जेपीजी चित्राचे 8 बाय 8 चे चौकोन करून दाबतो आणि त्याच्यावर इंजिन परत 4 बाय 4 चे करतं, त्यात बारीक पोत मरतो. आणि फोटो कॉम्प्युटरवर घेताना व्हॉट्सअ‍ॅपवरून साधा फोटो म्हणून पाठवू नका, ते फोटो आणखी दाबतं; केबल लावा नाहीतर डॉक्युमेंट म्हणून पाठवा.

आता फोटोबद्दल, कारण खरी मेहनत तिथे आहे. मी कोकणात जांभ्याच्या चिऱ्यांच्या भिंतीचे फोटो काढले होते, भर दुपारी. जांभ्याला भोकं असतात ना, प्रत्येक भोकात वरच्या काठाची सावली पडलेली. गेममध्ये सूर्य दुसऱ्या बाजूला ठेवला तर ती भोकं उलटी दिसायला लागली, खड्ड्याऐवजी फोड आल्यासारखी, आणि हे कुठल्याही फॉरमॅटने सुधारत नाही. मग मे अखेरीस आभाळ भरून आलं त्या दिवशी परत काढले, पाऊस पडायच्या आत, कारण एकदा भिंत भिजली की रंग काळपट होतो आणि मग शेवाळ धरतं.

पुढचं काम मी गिंप या फोटो एडिटरमध्ये करतो, एचईआयसी त्यात थेट उघडते. भिंत सरळ करून घ्यायची, चौकोनी कापायची आणि काप शक्यतो चिऱ्यांच्या सांध्यावर द्यायचा, म्हणजे अर्धा चिरा कडेला लटकत नाही. 2048 ला स्केल करा, मग लेयरचं ऑफसेट वापरून दोन्हीकडे 1024 सरकवा, कडा मधोमध येतात आणि जोड लगेच दिसतो, तो हील टूलने पुसा. मग पीएनजी एक्स्पोर्ट करा.

गेममध्ये टाकल्यावर 3 बाय 3 टाईल लावून लांबून बघा. एखादा चिरा जास्त लाल किंवा फुटका असेल तर तोच नऊ वेळा डोळ्यात येतो, परत गिंपमध्ये जाऊन तेवढा मवाळ करा.