वाचकांचे प्रश्न: वॉलसॉलची 12 पॉइंट्सची लीड गेली कुठे?

मागच्या अंकात इंग्लिश फुटबॉलच्या लीग टूबद्दल लिहिताना वॉलसॉल क्लबच्या 2024-25 सीझनचा मी दोनच ओळींत उल्लेख केला होता, की जानेवारीत 12 पॉइंट्सनी टॉपला असलेली टीम शेवटी प्रमोशन न मिळता होती तिथेच राहिली. त्या दोन ओळींवर बाकी सगळ्या लेखापेक्षा जास्त प्रश्न आले, म्हणून आजची सगळी जागा त्यांनाच.

प्रश्न: दादा, 12 पॉइंट्स म्हणजे चार मॅचेसचा फरक झाला. एवढी लीड कोणी घालवतं का? सरळ सांगा ना, घाबरले.

नाही रे, मी असं म्हणणार नाही, आणि हे मी फॅन म्हणून नाही तर तो सीझन आठवड्यामागून आठवडा बघितलाय म्हणून सांगतोय. आधी गणित समजून घे. लीग टू ही इंग्लिश फुटबॉलची चौथी पायरी, 24 टीम्स, प्रत्येकीच्या 46 मॅचेस. वरच्या तिघी डायरेक्ट वरच्या पायरीवर, लीग वनमध्ये जातात, चौथ्या ते सातव्या नंबरच्या टीम्स प्लेऑफ खेळतात आणि त्यातली एकच वर जाते. म्हणजे तिसरा आणि चौथा नंबर यात नुसता एका नंबरचा फरक नाही, तिसऱ्याला मे महिन्यात सुट्टी आणि चौथ्याला पुन्हा परीक्षा.

आता वॉलसॉल. पहिल्या अर्ध्या सीझनमध्ये त्यांच्याकडे नेथन लो नावाचा 19 वर्षांचा स्ट्रायकर होता, स्टोक सिटी क्लबकडून लोनवर, म्हणजे ठरावीक काळापुरता उसना आलेला, आणि त्याने लीगमध्ये 15 गोल मारले. चौथ्या डिव्हिजनमध्ये अर्ध्या सीझनला 15 गोल म्हणजे काय ते लक्षात घे, तिथे पूर्ण सीझनला तेवढे मारणाऱ्या स्ट्रायकरलाही लोक डोक्यावर घेतात. जानेवारी उजाडला आणि स्टोकने त्याला परत बोलावलं. लीड होतीच, त्यामुळे पहिले काही आठवडे कोणाला काही वाटलं नाही, टेबल तर छानच दिसत होतं. पण फेब्रुवारीनंतर जिंकणं जवळजवळ थांबलं. ज्या मॅचेस डिसेंबरमध्ये 2-1 होत होत्या त्या 1-1 व्हायला लागल्या, आणि ड्रॉचा एकच पॉइंट मिळतो. जिंकल्यावर तीन पॉइंट्स हा नियम इंग्लंडने 1981 मध्ये आणला, त्याआधी दोन मिळायचे. जुना नियम असता तर ड्रॉ इतके महागात पडले नसते, पण आता एक ड्रॉ म्हणजे दोन पॉइंट्स गेले असंच धरायचं.

आणि मग शेवटचा दिवस, 3 मे 2025. सकाळी ब्रॅडफर्ड सिटी 75 वर तिसरी, वॉलसॉल 74 वर चौथी. वॉलसॉलची मॅच क्रू अलेक्झांड्राच्या ग्राउंडवर होती आणि ते 1-0 ने पुढे गेले, तिकडे ब्रॅडफर्ड आणि फ्लीटवुड अजून 0-0. माझ्यासमोर लाइव्ह टेबल उघडं होतं, त्यात वॉलसॉल तिसऱ्या ओळीत, 77. ब्रॅडफर्ड 76. नव्वद मिनिटं झाली तरी तसंच, इंज्युरी टाइमची पाच मिनिटं गेली तरी तसंच. 96 व्या मिनिटाला अँटोनी सार्सेविचच्या नावावर ब्रॅडफर्डचा गोल लागला आणि ती दोन नावं स्क्रीनवर एकमेकांच्या जागी गेली, आवाज नाही काही नाही, फक्त ओळ बदलली. मी कितीतरी वेळ तसाच बसून होतो. हातातोंडाशी आलेला घास म्हणतात तो हाच.

शेवटी ब्रॅडफर्ड 78, वॉलसॉल 77. फेब्रुवारी ते एप्रिलमधला कुठलाही एक ड्रॉ जिंकले असते तर 79 झाले असते आणि तो 96 व्या मिनिटाचा गोल कोणाच्या लक्षातही राहिला नसता. म्हणून मी म्हणतो की प्रमोशन त्या गोलने गेलं नाही, ते थोडं थोडं करत आधीच निसटलेलं होतं, आणि ज्या पोरांनी गोल मारणारा माणूस गेल्यावरही शेवटच्या दिवशी दुसऱ्याच्या ग्राउंडवर जाऊन मॅच जिंकली त्यांना घाबरट म्हणायला माझी जीभ रेटत नाही.

प्रश्न: स्टोकने लोनवर दिलेला प्लेयर मध्येच परत नेला हे फेअर आहे का? असा नियमच काढून टाकला पाहिजे असं मला वाटतं.

तुमचा राग कळतो पण नियम काढला तर जास्त नुकसान वॉलसॉलसारख्यांचंच आहे. असं बघा, लीग टूमधल्या क्लबांना प्लेयर्सच्या पगारावर किती खर्च करायचा याला बंधन आहे, क्लबच्या कमाईच्या ठरावीक टक्क्यांपलीकडे जाता येत नाही (मालकाने स्वतःचे पैसे भांडवल म्हणून टाकले तर थोडी मोकळीक मिळते). या पैशात 15 गोल मारणारा स्ट्रायकर विकत घेताच येत नाही. तो मिळतो कसा, तर मोठ्या क्लबच्या अकॅडमीत एखादा पोरगा असतो ज्याला रोज खेळायला मिळत नाही, आणि तो क्लब म्हणतो घेऊन जा, खेळवा, पण आम्हाला गरज लागली तर जानेवारीत परत द्या. ही अट नसेल तर असा पोरगा मुळात मिळणारच नाही. लो हा स्टोकच्याच अकॅडमीत वाढलेला, स्टोक तेव्हा चॅम्पियनशिपमध्ये, म्हणजे दुसऱ्या पायरीवर, खालच्या भागात अडकलेली, त्यांनी आपल्या पोराला बोलावलं यात मला त्यांचं काही चुकलेलं दिसत नाही.

मला खुपतं ते वेळेचं. ट्रान्सफर विंडो, म्हणजे प्लेयर्स घ्यायची-द्यायची मुभा असलेला काळ, जानेवारीची, सीझनच्या बरोबर मधोमध, आणि त्या चार आठवड्यांत तसाच दुसरा स्ट्रायकर शोधायचा. रिकॉलची तारीख विंडो उघडायच्या एक महिना आधी ठरवायची सक्ती केली तर छोट्या क्लबला तयारीला वेळ तरी मिळेल. एवढंच मागणं आहे माझं.

प्रश्न: वॉलसॉल चौथी आली, एएफसी विम्बल्डन पाचवी. मग फायनल एका मॅचची ठेवून चार पॉइंट्सचा फरक पुसून टाकणं बरोबर आहे का?

77 आणि 73, हो. सेमीफायनलमध्ये वॉलसॉलने चेस्टरफील्डला दोन्ही मॅचेसमध्ये हरवलं, आणि तो सार्सेविचचा गोल पचवून लगेच असं खेळणं सोपं नव्हतं. मग 26 मेला लंडनच्या वेम्ब्ली स्टेडियमवर विम्बल्डनशी फायनल, पहिल्या हाफच्या अगदी शेवटी विम्बल्डनच्या मायल्स हिपोलीटने गोल मारला आणि तोच स्कोअर राहिला, 1-0. वेम्ब्लीवर वॉलसॉल पहिल्यांदा गेली ती 2015 मध्ये, तेव्हाही हरली होती.

तरी मी प्लेऑफच्या बाजूने आहे. 1987 पासून हे चालू आहे आणि त्यामुळे एप्रिलमध्ये दहाव्या नंबरच्या टीमच्या मॅचलाही अर्थ असतो, नाहीतर निम्मी लीग मार्चमध्येच संपली असती. आणि वॉलसॉलने स्वतः 1988 आणि 2001 ला प्लेऑफनेच प्रमोशन मिळवलंय, 2001 च्या फायनलमध्ये रेडिंगला 3-2 ने हरवून. समोर विम्बल्डन होती हेही विसरू नका. त्यांचा मूळ क्लब दुसऱ्या गावी, मिल्टन कीन्सला हलवायची परवानगी मिळाली तेव्हा 2002 मध्ये फॅन्सनी नव्याने, अगदी खालून हा क्लब उभा केला. त्यांच्या आनंदावर बोट ठेवायला जागा नाही.

प्रश्न: तुम्ही ब्रॅडफर्डबद्दल वाईट एक शब्द लिहिला नाहीत!

नाही लिहिणार. 11 मे 1985 ला त्यांच्या व्हॅली परेड ग्राउंडवर आग लागून 56 माणसं गेली, तीही मॅच चालू असताना, थर्ड डिव्हिजनची ट्रॉफी साजरी करायला आलेली माणसं. त्याला 40 वर्षं पूर्ण व्हायला आठ दिवस राहिले होते तेव्हा त्याच ग्राउंडवर 96 व्या मिनिटाला तो गोल झाला. मला वॉलसॉलसाठी वाईट वाटतं आणि त्या ग्राउंडवर नाचणाऱ्या लोकांसाठी बरंही वाटतं, दोन्ही खरं आहे.

प्रश्न: वॉलसॉलला सॅडलर्स का म्हणतात?

सॅडलर म्हणजे खोगीर बनवणारा, आणि गाव घोड्याच्या खोगिरांसाठी प्रसिद्ध, चामड्याचं काम तिथे पिढ्यानपिढ्या चालतं, म्हणून. क्लब 1888 चा. जुन्या लोकांना विचारलंत तर ते 1933 चं सांगतील, छोटे-मोठे सगळे क्लब खेळतात त्या एफए कपमध्ये आर्सेनलला 2-0 ने हरवलं होतं, आणि आर्सेनल त्या वर्षीची लीग चॅम्पियन!

प्रश्न: वर जाणाऱ्यांचं कळलं, खाली गेलेल्यांचं काय झालं?

त्या सीझनला कार्लाइल आणि मोरकॅम खाली पाचव्या पायरीवर, नॅशनल लीगमध्ये गेले. कार्लाइल 2023 ला लीग वनमध्ये चढली होती, 2024 ला उतरली, 2025 ला परत उतरली, आणि हा क्लब 1974-75 मध्ये फर्स्ट डिव्हिजनमध्ये, म्हणजे तेव्हाच्या सगळ्यात वरच्या पायरीवर, खेळलेला आहे. मोरकॅमचं तर त्याहून बिकट, त्या उन्हाळ्यात पगार थकले, लीगने सस्पेंड केलं, क्लब राहतो की जातो अशी वेळ आली. 2019 मध्ये लीगमधून काढून टाकलेला ‘बरी’ (Bury) नावाचा क्लब सगळ्यांच्या डोळ्यासमोर होता, त्यामुळे लोकांचा जीव टांगणीला लागला. ऑगस्टमध्ये पंजाब वॉरियर्स या ग्रुपने मोरकॅम विकत घेतला आणि 30 वर्षांच्या अश्वीर सिंग जोहलला मॅनेजर केलं, ब्रिटनमधल्या प्रोफेशनल क्लबचा पहिला शीख मॅनेजर. मला हे वाचून फार आनंद झाला होता.

प्रश्न: मला आता वॉलसॉल फॉलो करायचीय. कुठून सुरू करू?

हायलाइट्सपासून नको. एक पूर्ण मॅच लाइव्ह फॉलो कर, ऑडिओ कॉमेंट्री मिळाली तरी चालेल, आणि शक्यतो हिवाळ्यातली मंगळवारची, जेव्हा ग्राउंडवर तेच लोक असतात जे हरल्यावरही पुढच्या शनिवारी येणार असतात. वॉलसॉलचं बेस्कॉट स्टेडियम एम 6 मोटरवेला लागून आहे, एका बाजूला ट्रॅफिक वाहत असतो आणि आत गोल झाला की तो आवाज वेगळाच येतो. शनिवारच्या दुपारी तीनच्या मॅचेस आपल्याकडे उन्हाळ्यात साडेसातला आणि हिवाळ्यात साडेआठला सुरू होतात. मंगळवारची मात्र पावणेआठची असते, म्हणजे हिवाळ्यात आपले रात्रीचे सव्वा वाजतात, तेव्हा दुसऱ्या दिवशी सकाळी काही महत्त्वाचं ठेवू नकोस.