इंजेक्शनात वाचवलं, हप्त्यात घातलं

एका वाचकाने विचारलंय: बायकोला सातवा महिना लागलाय, पहिलीच खेप. कळांसाठी एपिड्युरल (पाठीत बारीक नळी घालून दिलेली, वेदना बधिर करणारी भूल) घेतलं तर महिन्याच्या पगाराचा चौथा हिस्सा जातो. पेथिडीन, ट्रॅमाडॉल किंवा फेंटॅनिल या वेदनाशामकांचं इंजेक्शन एपिड्युरलच्या विसाव्या हिश्शात होतं. स्वस्त पर्याय घ्यावा का? पत्राच्या शेवटी त्यांनी ओझरतं लिहिलंय की शिल्लक तीन महिन्यांच्या पगाराएवढी होती, त्यातून दोन महिन्यांचा पगार भरून होणाऱ्या बाळासाठी पंधरवड्यापूर्वी ‘चाइल्ड प्लॅन’ (बचत आणि विमा एकत्र असलेली पॉलिसी) घेतला. असाच हप्ता आता दरवर्षी, १५ वर्षं.

आधी विचारलेल्याचं उत्तर. एपिड्युरल म्हणजे साडेसात दिवसांचा पगार, इंजेक्शन अर्ध्या दिवसाहूनही कमीचं. म्हणजे सात दिवस वाचले? नाही. २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या ब्रिटनमधल्या एका चाचणीत पेथिडीन घेतलेल्यांपैकी ४१ टक्के स्त्रियांना पुढे एपिड्युरल घ्यावंच लागलं. ते प्रमाण धरलं तर इंजेक्शनचा खरा खर्च साडेतीन दिवसांवर जातो. बचत उरली चार दिवसांची.

पेथिडीनचा असर दोन ते चार तास टिकतो, पहिलं बाळंतपण त्याहून खूप लांबू शकतं. मळमळ होते, गुंगी येते. बाळ होण्याच्या आधीच्या दोन-तीन तासांत दिलं गेलं तर बाळाचा श्वास मंदावू शकतो, त्यामुळे नॅलॉक्सोन (पेथिडीनसारख्या औषधांचा असर उतरवणारं औषध) आणि बाळाला श्वास देण्याची तयारी हाताशी लागते. ट्रॅमाडॉलने श्वासावर कमी परिणाम होतो, पण वेदनाही कमीच हटते. फेंटॅनिल लवकर लागू पडतं आणि लवकर उतरतं. ते पुन्हापुन्हा द्यायचं तर सतत लक्ष ठेवणारं माणूस हवं. वेदना सगळ्यात चांगली एपिड्युरलनेच कमी होते, आणि सिझेरियनची वेळ आली तर बहुतेकदा त्याच नळीतून भूल वाढवता येते. जागतिक आरोग्य संघटनेने २०१८ मध्ये दोन्ही मार्ग मान्य केले, निवड स्त्रीच्या इच्छेवर सोडून. तुमच्या पत्रात मात्र तिला काय हवंय याची एक ओळ नाही. कळा तिला येणार आहेत, तिला विचारा.

आता न विचारलेलं. चार दिवसांच्या पगारासाठी एवढा खल केलात आणि साठ दिवसांचा पगार एका सहीत दिलात. सिझेरियनचा अंदाज तुम्हीच पन्नास दिवसांच्या पगाराचा लिहिलाय. हाती आहेत तीस. उरलेले वीस दिवस कर्जाने भरणार?

एजंट म्हणाला, ‘पैसे दीडपट होतील.’ होतील, पण कधी? पंधरा वर्षं भरताना प्रत्येक हप्ता सरासरी आठ वर्षं अडकून राहतो. आठ वर्षांत दीडपट म्हणजे वर्षाला जेमतेम पाच टक्के, आणि शिक्षणाचा खर्च पाच टक्क्यांनी वाढून थांबेल ही आशा धरू नका. विमा किती? हप्त्याच्या दहापट, म्हणजे वीस महिन्यांचा पगार. उद्या तुम्हाला काही झालं तर बाळ दोन वर्षांचं व्हायच्या आत ते पैसे संपतील. सातव्या महिन्यातल्या जोडप्याची शिल्लक काढून असली पॉलिसी गळ्यात मारली जाते, याची मला मनापासून चीड येते.

पॉलिसीचे कागद आजच काढा. त्यात ‘फ्री-लूक’ची मुदत लिहिलेली असते, तेवढ्या दिवसांत लेखी अर्ज केला की किरकोळ कपात होऊन हप्ता परत मिळतो. ‘थोडे दिवस थांबा, बोनस मिळेल,’ असं एजंट म्हणेल. थांबू नका, अर्ज द्या आणि पोच घ्या. आलेले पैसे बँकेत, लगेच काढता येतील असे ठेवा. बाळंतपण होईपर्यंत त्यांना हात लावायचा नाही. साधा मुदत विमा (ज्यात बचत नसते, मुदतीत मृत्यू झाला तरच पैसे मिळतात) मात्र याच महिन्यात घ्या, वर्षाच्या पगाराच्या निदान दहापट. त्याचा हप्ता या प्लॅनच्या मानाने फारच थोडा असतो.

आणि पुढच्या तपासणीला दोघं जाल तेव्हा विचारा: भूलतज्ज्ञ रात्री दोन वाजताही येतात का, आणि एपिड्युरलच्या आकड्यात त्यांची फी धरली आहे का?