नातवंडांची भेट मागा, ताबा नव्हे

माई, सप्रेम नमस्कार.

आर्वी तालुक्यातून आलेल्या आपल्या पत्राचा आशय असा : मुलाच्या निधनानंतर सून नातू आणि नातीला घेऊन मोर्शीकडे माहेरी राहायला गेली आणि गेल्या पोळ्यापासून तिने मुलांची भेटही बंद केली. आजी-आजोबांना कायद्याने काही हक्क आहे काय आणि पुतण्या म्हणतो तसे मुलांना शाळेतून सरळ घरी आणावे काय, असे आपण विचारले आहे.

शाळेतून मुळीच आणू नका. वडिलांच्या पश्चात आईच नैसर्गिक पालक असते. तिच्या संमतीवाचून मुले आणल्यास फौजदारी तक्रार होऊ शकते आणि पुढे न्यायालयात आपलीच बाजू लंगडी पडेल.

नातवंडांच्या भेटीचा स्वतंत्र हक्क आजी-आजोबांना देणारे कलम आपल्या कायद्यात नाही. तरीही पालक आणि पाल्य अधिनियम, १८९० अन्वये अर्ज करता येतो आणि मुलांचे हित कशात आहे हे पाहून न्यायालय भेटीची मुभा देऊ शकते. कोविडमध्ये आईवडील गमावलेल्या मुलाचा ताबा सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये मावशीऐवजी आजोबांकडे दिला, हा दाखला कुणी आपल्याला देईल. पण तेथे आई हयात नव्हती. म्हणून ताबा मागू नका, भेट मागा.

पत्राच्या शेवटी मात्र आपण सहज लिहून गेलात, ‘पोरं दाखवल्याशिवाय मी वावराच्या कागदावर अंगठा देत नाही.’ माझ्या मते खरा गुंता येथेच आहे. वावर मुलाच्या स्वतःच्या मालकीचे असेल आणि त्याने मृत्युपत्र केले नसेल, तर हिंदू उत्तराधिकार अधिनियम, १९५६ प्रमाणे आई, पत्नी, मुलगा आणि मुलगी अशा चौघांना समान वाटा मिळतो. आजोबांना त्यात वाटा नाही. आपण अंगठा अडवून धरल्याने कोणाचाही वाटा बदलत नाही, मात्र वारस नोंद रखडली की सुनेच्या पीककर्जाची अडचण होते आणि आपण नातवंडांचा नव्हे, वावराचा विचार करता, असे तिला वाटत राहते. कठोर वाटेल, पण तिच्या जागी मलाही तसेच वाटले असते.

तेव्हा आधी वारस नोंदीला संमती द्या, आणि तीही कोणतीही अट न घालता. त्यानंतर व्याह्यांमार्फत निरोप पाठवा. महिनाभरात उत्तर न आल्यास तालुका विधी सेवा समितीकडे जाऊन मध्यस्थीची विनंती करा. स्त्रियांना उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो, त्यामुळे अर्जदार म्हणून आजोबांबरोबर आपलेही नाव असू द्या. मुले अमरावती जिल्ह्यात राहत असल्याने न्यायालयीन अर्ज तेथेच करावा लागेल. त्यात महिन्यातून एक रविवार, आठवड्याला एक व्हिडिओ कॉल, उन्हाळ्याच्या सुटीतील काही दिवस आणि तान्ह्या पोळ्याचा दिवस, एवढेच मागा. निकाल लागेपर्यंत अंतरिम भेटीची विनंतीही त्याच अर्जासोबत करण्यास वकिलांना सांगा.